नवतप्यात घड्याळ मागे का पडते

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी कूलर बंद असणं म्हणजे काय हे नागपूरकराला सांगायची गरज नाही. आमच्या वरच्या मजल्यावर स्लॅबच्या खोलीत आई दुपारी पडते, तिथला कूलर मी एका स्मार्ट प्लगवर, म्हणजे वायफायवरून ठरल्या वेळी चालू-बंद होणाऱ्या प्लगवर लावलाय, बाराला चालू, पाचला बंद. मागच्या मे महिन्यात एक दिवस अकराला लाईट गेली, पाऊण तासाने आली, आणि बारा वाजून गेले, साडेबारा झाले तरी कूलर काही सुरू होईना. आईने वरून आवाज दिला, "काय करून राहिला रे? तुझा प्लग झोपला काय?" मग तिनेच प्लगचं बटण दाबलं आणि कूलर सुरू केला. मी खाली लॅपटॉपवर प्लगचं पान उघडलं तर त्याच्या मते त्या दिवशी तारीख होती १ जानेवारी १९७०.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर एक जुना ४८६ कॉम्प्युटर उघडा पडला होता, इतवारीतल्या एका कबाड्याकडून वजनावर घेतलेला. तो चालू केला की तारीख सांगायचा १ जानेवारी १९८०. एकाच घरात दोन मशीन, दोघांचं वर्ष चुकलेलं, आणि तेही वेगवेगळं. तेव्हापासून मी या वेळेच्या मागे लागलोय, आणि खरं सांगतो, जुन्या मशीनमध्ये हात घातल्यावर जेवढं शिकायला मिळते तेवढं नव्या बंद डब्यांमध्ये कधीच मिळत नाही.

आधी त्या तारखांचं. कॉम्प्युटरला तारीख वगैरे काही कळत नाही, त्याच्याकडे फक्त एक आकडा असतो आणि तो आकडा कुठून मोजायचा हे कोणीतरी ठरवलेलं असते. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजायचं ठरवलं, पुढे तिच्या धर्तीवरच्या लिनक्सने आणि माझ्या प्लगसारख्या कितीतरी उपकरणांनी तेच उचललं. डॉस या जुन्या पीसींच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइलच्या तारखेत वर्षासाठी ७ बिट (० किंवा १ मावेल अशी सात घरं) ठेवले आणि मोजणी १९८० पासून सुरू केली, म्हणजे २१०७ पर्यंत जागा. आकडा शून्य असला की मशीन बिचारं सुरुवातीची तारीख दाखवते. १९७० किंवा १९८० दिसलं की समजायचं, याला वेळ कोणी सांगितलेलीच नाही.

१९८१ चा पहिला आयबीएम पीसी तर दर वेळी चालू केल्यावर माणसालाच तारीख विचारायचा, कारण त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळच नव्हतं. १९८४ च्या पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ नावाची चिप आली, सोबत बॅटरी, आणि मशीन बंद असतानाही वेळ पुढे सरकायला लागली. माझ्या ४८६ मध्ये त्याच वंशाचं घड्याळ आहे, फक्त त्याची बॅटरी मेली होती. मेली म्हणजे नुसती संपली नव्हती, फुटून वाहिली होती. त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची निळी बॅटरी थेट सोल्डर केलेली असायची, ती जुनी झाली की आतलं अल्कली बाहेर येते आणि आजूबाजूचं तांबं खाऊन टाकते. बोर्डवर हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसते. त्यावर उपाय अगदी स्वयंपाकघरातला, पांढरं व्हिनेगर, कारण अल्कलीला सौम्य आम्ल मारते. जुन्या टूथब्रशने हळूहळू घासलं, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि एक दिवस पंख्याखाली वाळवलं. (हातमोजे घालूनच करा, कॅडमियम विषारी असते.) त्यानंतर बटणाच्या आकाराचा सीआर२०३२ सेल लावला, पण मध्ये एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकून, हे फार महत्त्वाचं आहे, कारण जुना बोर्ड बॅटरीला चार्ज करायला बघतो आणि हा लिथियम सेल चार्ज करायचा नसतो, फुटू शकतो.

आता खरी गोष्ट. बॅटरीच्या शेजारी एक चांदीसारखी चकचकीत छोटी नळी असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. तिच्या पोटात क्वार्ट्झचा एक चिमुकला चिमटा असतो, दोन पायांचा. क्वार्ट्झला वीज दिली की तो वाकतो आणि वाकवला की वीज देतो, हे क्यूरी बंधूंनी १८८०-८१ मध्ये दाखवलं होतं. त्या गुणामुळे हा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा असा विचित्र का, तर १ ला २ ने पंधरा वेळा गुणलं की ३२,७६८ येते, एवढंच. म्हणजे उलट्या दिशेने दर पायरीला निम्मं करत गेलो, १६,३८४, ८,१९२, ४,०९६ असं, की पंधराव्या पायरीला बरोबर १ उरतो. एक थरथर, एक सेकंद. निम्मं करणारं सर्किट अतिशय साधं असते आणि जवळजवळ काहीच वीज खात नाही, म्हणून एका सेलवर घड्याळ वर्षानुवर्षं चालते. तुमच्या मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात बहुतेक हाच आकडा धावतोय.

पण नागपूर! हा चिमटा साधारण २५ डिग्रीला सगळ्यात जोरात थरथरेल असा कापलेला असतो. त्यापासून तापमान जितकं लांब जाईल तितका तो मंदावतो, आणि हे मंदावणं अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे फरक दुप्पट झाला तर चूक चौपट. हिशोब सोपा आहे, अंतराचा वर्ग करा आणि ०.०३४ ने गुणा, उत्तर येते दहा लाखांत किती मागे पडेल ते. आमच्या वरच्या खोलीत ४५ डिग्री धरा, अंतर २०, वर्ग ४००, चूक झाली १३.६, दिवसाचे ८६,४०० सेकंद म्हटले तर दिवसाला १ सेकंदाहून थोडं जास्त. पण मशीन चालू असताना बंद पेटीच्या आत ५५ सहज होते, मग अंतर ३० आणि वर्ग ९००, चूक दिवसाला अडीच सेकंदांच्या वर, महिन्याला जवळजवळ सव्वा मिनिट. शिवाय प्रत्येक क्रिस्टलची जन्मजात थोडी चूक असते ती वेगळी. मी वहीत रोज सकाळी फरक लिहून ठेवत होतो, फेब्रुवारीत सुरुवात केली होती, आणि मे लागल्यावर तो ४८६ स्पष्ट जास्त मागे पडायला लागला. आकडेमोडीतून येणारी गोष्ट आपल्या घरात, आपल्या उन्हात अशी दिसली की अंगावर काटा येतो, मला तरी आला.

यावरचा उपायही आमच्या बर्डीच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. डीएस३२३१ नावाची चिप, तिच्यात क्रिस्टल आतच असतो आणि शेजारी तापमान मोजणारा सेन्सर, ती दर ६४ सेकंदांनी तापमान बघते आणि तेवढी चूक भरून काढते. ० ते ४० डिग्रीमध्ये तिची चूक दहा लाखांत २ च्या आत, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. ४० च्या वर गेलं की हमी ३.५ पर्यंत सैल होते, तरी वर्षाला दोन मिनिटांच्या आतच.

मग प्लगचं काय झालं होतं? त्यात ईएसपी८२६६ ही वायफायची चिप आहे आणि तिच्याजवळ बॅटरीवरचं घड्याळ मुळातच नाही. लाईट गेली की ती वेळ विसरते, परत आली की इंटरनेटवरून विचारते. त्या दिवशी लाईट तर आली पण इंटरनेटची लाईन बंदच होती, म्हणून तिला कोणी वेळ सांगितली नाही, आणि वेळ माहीत नसेल तर टायमर लागतच नाही, ते योग्यच आहे.

विचारायची पद्धत एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल), डेव्हिड मिल्स यांनी १९८५ च्या सुमारास अमेरिकेत उभी केलेली. प्लग चिठ्ठी पाठवतो, त्यावर स्वतःची वेळ लिहून. सर्व्हर त्यावर चिठ्ठी मिळाल्याची आणि परत पाठवल्याची वेळ लिहितो. परत आल्यावर प्लग चौथी वेळ टिपतो. या चार आकड्यांवरून जाण्यायेण्यात किती वेळ गेला ते कळते, त्याचं निम्मं धरलं की खरी वेळ निघते. हे उत्तर देणारे सर्व्हर जगभर बरेचसे हौशी लोक फुकट चालवतात, आणि आपल्याकडे दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सीझियमच्या अणुघड्याळांवर भारतीय वेळ सांभाळते. कबाडातल्या मशीनपासून सुरुवात केली आणि धागा थेट तिथपर्यंत जातो, मला याचं फार अप्रूप वाटते.

हे सगळं मला करता आलं ते प्लगमध्ये टास्मोटा होतं म्हणून. प्लगसोबत आलेलं मूळ सॉफ्टवेअर काढून मी थिओ अरेन्ड्स यांनी सुरू केलेलं हे ओपन सोर्स फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, आधीच टाकलं होतं. (प्लग उघडायचा तर भिंतीतून काढूनच, आणि सॉफ्टवेअर टाकायच्या वायर जोडलेल्या असताना २३० व्होल्टला चुकूनही लावायचा नाही, यात जीव जातो.) मूळ सॉफ्टवेअर कोणाला वेळ विचारते हे दिसतही नव्हतं, टास्मोटात वेळ विचारायला तीन सर्व्हरच्या जागा आहेत आणि त्या आपण भरू शकतो. मी घरातल्या 'रास्पबेरी पाय' नावाच्या जुन्या, छोट्या कॉम्प्युटरवर डीएस३२३१ लावली, त्यावर क्रोनी नावाचं ओपन सोर्स एनटीपी सॉफ्टवेअर टाकलं, त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये घरच्या नेटवर्कला परवानगी देणारी एक ओळ आणि 'लोकल स्ट्रॅटम १०' ही दुसरी ओळ लिहिली, म्हणजे इंटरनेट नसलं तरी स्वतःच्या घड्याळावर उत्तर देत राहा. प्लगच्या पहिल्या जागेत या पायचा पत्ता टाकला. मग मुद्दाम इंटरनेटची केबल उपटली, मेन स्विच बंद करून चालू केला. राउटर उठला, रास्पबेरी पाय उठला, प्लगने १९७० दाखवलं, आणि मिनिटाभरात बरोबर तारीख आली. आईला वरून 'टक' ऐकू आलं.

एक प्रयोग अजून केला. ४८६ वर जुनं ३२ बिटांचं लिनक्स टाकलं आणि तारीख १९ जानेवारी २०३८ वर नेली. आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद होऊन पुढचा सेकंद लागला की १९७० पासून मोजलेले सेकंद चिन्हासह ३२ बिटांत मावत नाहीत, आकडा उलटून ऋण होतो, आणि मशीन जागतिक वेळेप्रमाणे (यूटीसी) १३ डिसेंबर १९०१ वर जाऊन बसते. डोळ्यांसमोर ते घडताना बघणं वेगळंच आहे. २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.६ पासून ३२ बिटांच्या मशीनसाठी हे दुरुस्त केलंय, पण भिंतीत बसवून विसरलेल्या किती डब्यांत जुनंच चालू राहील याची मला खरंच काळजी वाटते.

वही चालूच आहे. त्या वर्गाच्या हिशोबानुसार थंडीतही घड्याळ मागेच पडायला पाहिजे, पुढे नाही, कारण अंतर वरचं असो की खालचं, वर्ग धनच असतो. १० डिग्रीला दिवसाला साधारण ०.७ सेकंद, महिन्याला २० सेकंद. डिसेंबरात पारा उतरला की ४८६ रात्री बंद करून गच्चीवरच्या खोलीत ठेवणार, खिडकी उघडी टाकून, सकाळी सहाला पायच्या वेळेशी ताडून बघणार.