लैंगिक कल आणि वेतनातील तफावत

शिक्षण, अनुभव, वय सारखे असूनही केवळ लैंगिक कल वेगळा असल्यामुळे पगारात किंवा नोकरी मिळण्याच्या शक्यतेत पडणारा फरक. श्रम-अर्थशास्त्रात हा विषय उशिरा आला. पगार विचारणाऱ्या बहुतेक पाहण्यांत लैंगिक कलाचा रकानाच नसे. एम. व्ही. ली बॅजेट यांनी १९८९ ते १९९१ मधील अमेरिकी पाहणीची आकडेवारी वापरून १९९५ मध्ये दाखवले, की समलैंगिक व उभयलैंगिक पुरुषांची कमाई तुल्य भिन्नलैंगिक पुरुषांपेक्षा ११ ते २७ टक्क्यांनी कमी आहे. पुढील दोन दशकांतील अभ्यास मारिका क्लाविटर यांनी २०१५ मध्ये एकत्र तपासले, तेव्हा समलैंगिक पुरुष सरासरी ११ टक्के मागे आणि समलैंगिक स्त्रिया भिन्नलैंगिक स्त्रियांच्या ९ टक्के पुढे आढळल्या.

या आकड्यांत तुलना कोणाशी केली, यावर बरेच काही ठरते. ॲलेग्रेटो व आर्थर यांनी अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेत जोडीदारासोबत राहणारे समलैंगिक पुरुष पाहिले. विवाहित पुरुषांच्या तुलनेत ते १५.६ टक्के मागे होते. लग्न न करता जोडीदार स्त्रीसोबत राहणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत मात्र फक्त २.४ टक्के. विवाहित पुरुषांना बहुतेक ठिकाणी थोडा जास्त पगार मिळतो. त्या काळी समलैंगिकांना लग्नाची मुभाच नव्हती, त्यामुळे यातला किती वाटा लग्नाचा आणि किती भेदभावाचा, हे निव्वळ जनगणनेवरून सुटत नाही.

स्त्रियांची ‘आघाडी’ही जपून वाचावी लागते. समलैंगिक स्त्रिया सरासरीने जास्त तास काम करतात, मुलांसाठी नोकरीत खंड कमी पडतो, आणि घरात पुरुषाचा मोठा पगार येईल हे गृहीत धरून त्यांनी करिअर आखलेले नसते. आधी पुरुषाशी लग्न झालेल्या समलैंगिक स्त्रियांत ही आघाडी कमी भरते, हे या खुलाशाशी जुळते. शिवाय तुलना स्त्रियांशीच आहे. दोघी कमावत्या असल्या तरी त्या घरात येतात ते दोन स्त्रियांचेच पगार.

मोजमापात सर्वाधिक घोळ होतो तो चुकीच्या खुणेमुळे. जनगणनेत कल थेट न विचारता जोडीदाराच्या लिंगावरून ओळखला जाई. समजा १ कोटी भिन्नलिंगी जोडप्यांपैकी हजारात एकाने लिंगाच्या चौकोनात चुकून खूण केली, तर १०,००० खोटी समलिंगी जोडपी तयार होतात. खरी जोडपी १ लाख असतील, तर एकूण गटात दर अकरांमागे एक खोटे. या खोट्या जोडप्यांचे पगार चारचौघांसारखेच असल्याने तफावत आहे त्यापेक्षा कमी दिसते. एकट्या राहणाऱ्या व्यक्ती या पद्धतीत गळतात आणि भिन्नलिंगी जोडीदार असलेले उभयलैंगिक थेट भिन्नलैंगिकांत मोजले जातात.

थेट विचारले तरी सगळे सांगत नाहीत. ज्यांची नोकरी पक्की, ते सांगण्याची शक्यता जास्त. कार्पेंटर व एपिंक यांना २०१३ ते २०१५ च्या अमेरिकी आरोग्य पाहणीत समलैंगिक पुरुष उलट सुमारे १० टक्के पुढे आढळले. समाजाचा विरोध निवळला, की फक्त कल सांगणारे लोक बदलले, हा वाद मिटलेला नाही. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे व्यवसाय स्थिर धरून, म्हणजे एकाच व्यवसायातल्या लोकांची तुलना करून, पगार ताडणे. कल लपवणे सोपे जाईल किंवा सहकाऱ्यांवर फार अवलंबून राहावे लागणार नाही अशी कामे लोक निवडत असतील, तर व्यवसाय स्थिर धरताच तो परिणाम हिशेबातून निघून जातो.

नोकरीचे दार किती उघडे आहे, हे जोड-अर्जांच्या प्रयोगाने जास्त स्वच्छ कळते. अँड्रास तिल्चिक यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेच्या सात राज्यांतील १,७६९ जाहिरातींना दोन-दोन काल्पनिक बायोडेटा पाठवले. एकात महाविद्यालयातील समलैंगिक विद्यार्थी संघटनेचा खजिनदार अशी ओळ, दुसऱ्यात डाव्या विचारांच्या संघटनेचा खजिनदार. समलैंगिक संघटनाही डाव्या विचारांची मानली जाते, म्हणून दुसरी संघटना मुद्दाम तशी निवडली. नाहीतर नकार राजकारणामुळे की कलामुळे, हे कळले नसते. मुलाखतीचे बोलावणे अनुक्रमे ७.२ आणि ११.५ टक्के वेळा आले. म्हणजे एका बोलावण्यासाठी एकाला १४ अर्ज, दुसऱ्याला ९. ‘आक्रमक’, ‘निर्णयक्षम’ असा उमेदवार मागणाऱ्या जाहिरातींत दरी अधिक रुंद होती. निक ड्रायडाकिस यांना अथेन्समध्ये बोलावण्याच्या शक्यतेत २६.२ टक्क्यांचा फरक आढळला. स्वीडनमध्ये पुरुषांना पुरुषप्रधान व्यवसायांत आणि स्त्रियांना स्त्रीप्रधान व्यवसायांत नकार मिळत होता.

या प्रयोगाची मर्यादाही उघड आहे. तो फक्त पहिले बोलावणे मोजतो, पगार ठरणे किंवा बढती नाही. शिवाय बायोडेटात अशी ओळ लिहिणारे थोडेच असतात.

कायद्याने दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानात, युरोपीय संघाच्या २००० च्या निर्देशात आणि २०२० मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या बॉस्टॉक निकालात कलावरून भेदभावाला मनाई झाली. कामावरून काढल्याच्या तक्रारीत निदान कागद हाती असतो. अर्ज बाद झालेल्या उमेदवाराला दुसऱ्याचा बायोडेटा दिसतच नाही.