शनिवारवाडा आतून रिकामा का?

दिल्ली दरवाज्यातून आत आलेला पाहुणा पाच मिनिटांत विचारतो, ‘पण वाडा कुठाय?’ समोर हिरवळ, दगडी जोती आणि सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंज्याचं कमळ एवढंच असतं. बाहेरचा भक्कम तट बघून आल्यावर हे खटकतंच.

पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पाया घातला. २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, खर्च १६,११० रुपये. दगड चिंचवडच्या खाणींतला, सागवान जुन्नरच्या रानातलं, चुना जेजुरीकडचा. पण दगड लागला तो जोत्याला आणि तटाच्या खालच्या भागाला. वरचे मजले विटांचे, त्यांचा भार सागवानी खांब-तुळयांवर आणि मधे कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं छत. १८१८ मध्ये पेशवाई गेली. २७ फेब्रुवारी १८२८ ला वाड्याला आग लागली, ती सात दिवस विझली नाही. अशा बांधणीत तुळई जळाली की मजला बसतो आणि आधार गेलेली भिंतही त्यामागोमाग येते. म्हणून इथे नजर खाली ठेवून फिरावं. जोत्यांच्या कडांवरून चौक कुठे होते ते कळतं. दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना तेवढा वाचला, तो चढून बघाच.

शनिवारवाड्यात जळून गेलेलं लाकूडकाम दिसायला कसं असेल, याचा अंदाज बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्यात येतो. दुसऱ्या बाजीरावांनी तो १८०७ मध्ये बांधला. यालाही १८७९ मध्ये आग लागली होती, तरी रस्त्याकडची कोरीव लाकडी दर्शनी बाजू पाहण्यासारखी आहे. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब आणि त्यांच्यावरची केळफुलं समोरच्या पदपथावरून नीट दिसतात.

लाकडाच्या या शहरात सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं मंदिर वेगळं पडतं, कारण ते काळ्या पाषाणाचं आहे. इंदूरजवळच्या धामपूरच्या भीमगिरजी गोसावींनी १७५४ मध्ये बांधायला घेतलं, काम १७७० पर्यंत चाललं. तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला आहे. आत संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे. गर्दी गणेशोत्सवात दुसरीकडे वळते, त्यामुळे इथे तेव्हाही निवांत बघता येतं. घाई मात्र करू नका: बहुतेक जण थेट गाभाऱ्यात जातात आणि दर्शनी भिंतीवरचं शिल्प राहून जातं. त्यात गोरे शिपाई गेंड्याला साखळदंडाने जखडताहेत. गेंडा काही पुण्याच्या रानातला प्राणी नव्हे आणि इंग्रजांचा अंमल पुण्यावर यायला तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं होती.