वसतिगृह चळवळ, महाराष्ट्रातील

खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय करण्यासाठी संस्थानी दरबार, निरनिराळे समाज आणि शिक्षणसंस्था यांनी मिळून उभे केलेले काम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात त्याने आकार घेतला आणि पुढे ते साताऱ्यातून सगळ्या महाराष्ट्रात पसरले. लोकांच्या तोंडी या वसतिगृहाचे नाव ‘बोर्डिंग’. शासन, समाज आणि शाळा यांनी आपापला वाटा कसा उचलावा, याचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात क्वचितच सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हायस्कुले आणि कॉलेजे मोजक्या शहरांतच होती. गावची शाळा संपली की पुढचे शिक्षण शहरात. तिथे गरीब ब्राह्मण मुलाला वार लावून जेवता येई किंवा माधुकरी मागता येई. हालाखी त्याच्याही वाट्याला होतीच, पण पोटाला आधार असे. कुणबी, मराठा, जैन शेतकरी, मुसलमान, लिंगायत किंवा महार-मांग घरातल्या मुलाला शहरात असे दार उघडे नव्हते. अस्पृश्य मुलाला तर भाड्याने खोलीही मिळत नसे. फी माफ झाली तरी रात्री झोपायचे कुठे आणि दोन वेळा जेवायचे काय, हा प्रश्न उरेच. बहुजन समाजाचे शिक्षण अडले होते ते प्रामुख्याने इथे, आणि ही अडचण ज्यांनी ओळखली त्यांचेच प्रयत्न टिकले.

छत्रपती शाहू महाराजांच्या हाती १८९४ मध्ये कोल्हापूरचा कारभार आला. १८९६ मध्ये त्यांनी राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढले. दार सर्वांना खुले होते, तरी थोड्याच काळात तिथे जवळजवळ ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. कॉलेजपर्यंत पोचणारी मुलेच त्या समाजाची होती आणि कारभारही त्यांच्याच हाती होता. या अनुभवातून महाराजांनी धोरण बदलले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग आले. १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशी बोर्डिंगे एकामागून एक उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये निघालेल्या वसतिगृहाला मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीवरून मिस क्लार्क बोर्डिंग असे नाव मिळाले. धाकटे राजपुत्र शिवाजी यांच्या अकाली निधनानंतर १९२० मध्ये त्यांच्या नावाने प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग सुरू झाले. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले तेव्हा शहरातल्या बोर्डिंगांची संख्या वीसच्या आसपास होती. ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ ही कोल्हापूरची ओळख त्यातूनच झाली.

या व्यवस्थेची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. दरबार जागा देई, बहुतेक ठिकाणी इमारतीला मदत करी आणि वार्षिक अनुदान किंवा जमिनीचे उत्पन्न लावून देई. चालवण्याची जबाबदारी मात्र त्या त्या समाजाच्या संस्थेवर असे. वर्गणी गोळा करणे, अधीक्षक नेमणे, कोणत्या गावच्या कोणत्या मुलाला घ्यायचे ते ठरवणे, कोठीचा हिशेब ठेवणे, ही सगळी कामे तिची. शिकवायचे काम राजाराम हायस्कूल आणि कॉलेजचे. यामुळे ज्या समाजात आधी कोणी शिकलेले नव्हते, त्यात संस्था चालवणारी माणसे तयार झाली. बैठक बोलावणे, ठराव लिहिणे, हिशेब जाहीर करणे या गोष्टी त्यांनी बोर्डिंगातच शिकून घेतल्या. दरबाराने पगारी नोकर नेमून सगळी वसतिगृहे स्वतः चालवली असती, तर मुलांची सोय झाली असती, पण ही माणसे घडली नसती. माझ्या मते महाराजांच्या धोरणातली सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट हीच.

अर्थात दरबार नुसते पैसे देऊन थांबला नाही. १९०२ च्या जाहीरनाम्याने रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या, म्हणजे बोर्डिंगातून शिकून बाहेर पडणाऱ्याला पुढे वाट होती. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला त्यात दंडही होता. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. सक्ती, राखीव जागा आणि कायदा ही फक्त राज्याच्याच हातची साधने आहेत. कोणतीही संस्था कितीही तळमळीची असली तरी हे काम तिला करता आले नसते.

जातवार बोर्डिंगांवर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. जात मोडायची तर जातीच्या नावाने घरे कशाला बांधायची, हा आक्षेप रास्त आहे. १८९६ चा अनुभव हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर एका विद्यार्थ्याने आपल्या आयुष्यातून दिले. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. याच भाऊरावांनी १९१९ च्या दसऱ्याला कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी त्याला भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले.

साताऱ्याच्या बोर्डिंगामागे दरबार नव्हता. तिथली मुले स्वतःच दळण-कांडण, पाणी आणि स्वयंपाक करीत. महाराच्या मुलाने थापलेली भाकरी मराठ्याच्या ताटात पडे, आणि सगळे एकाच पंगतीला बसत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांना आईसारख्या सांभाळत. कोठीत दाणा उरला नाही तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडायला दिले. गावोगाव मुष्टिफंड सुरू झाला. घरची बाई दळायला बसताना मूठभर धान्य बोर्डिंगसाठी वेगळ्या मडक्यात टाकी, आणि ते नंतर गोळा होई. मूठभर ज्वारी देणाऱ्या त्या बाईला स्वतःला अक्षरओळख नसे, पण बोर्डिंग आपले आहे असे तिला वाटे. कष्ट करून शिकण्याच्या या पद्धतीलाच पुढे ‘कमवा व शिका’ हे नाव पडले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज.

इंग्रजी अमलात मुंबई सरकारने खेड्यांतील खाजगी प्राथमिक शाळांना अनुदान देऊ केले, तेव्हा रयतने अशा शेकडो ‘व्हॉलंटरी’ शाळा काढल्या. सरकारच्या पैशाशिवाय ते शक्य नव्हते. पण १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतर भाऊरावांनी सरकारवर केलेल्या टीकेमुळे मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. शिक्षकांचे पगार थकले, लोकांनी वर्गणी काढली, आणि पुढे ते अनुदान परत मिळाले. ज्या संस्थेची मुळे लोकांत असतात ती अशा वेळी उभी राहते. फक्त अनुदानावर जगणाऱ्या संस्थेला तेवढे बळ मिळणे कठीण.

याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. मुलींसाठी पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) आणि महर्षी कर्व्यांचा आश्रम (१८९६) आधीपासून होते, पण ते मुख्यतः विधवांसाठी. शेतकऱ्याच्या मुलीच्या वाट्याला बोर्डिंग फार उशिरा आले, आणि ही चळवळीची मोठी उणीव मानावी लागेल. पुण्यात १९५५ मध्ये स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती ही स्वातंत्र्योत्तर काळातील ठळक संस्था.

राज्यघटना आल्यावर शासनाची भूमिका बदलली. समाजकल्याण आणि आदिवासी विकास ही खाती स्वतः वसतिगृहे चालवू लागली आणि अनुदानित वसतिगृहे व आश्रमशाळाही वाढल्या. ज्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्याच्या बँकखात्यात राहण्या-जेवणाचा खर्च जमा करणारी ‘स्वाधार’ ही अनुसूचित जातींसाठीची योजना अलीकडची. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयंम्’ आणि शेतकरी-शेतमजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना त्याच धर्तीच्या आहेत. हक्क म्हणून पैसा मिळणे ही मोठीच मजल आहे, त्यात याचना नाही. मात्र हप्ता लांबला की मेसवाला आणि घरमालक थांबत नाहीत, आणि अशा वेळी मुलासाठी धावून येणारा अधीक्षक किंवा संस्थेचा कार्यकर्ता या रचनेत नाही. तालुक्याच्या गावी तर भाड्याने धड खोलीच मिळत नाही, मग खात्यात रक्कम असूनही मुलगी रोज एसटीने दोन-दोन तास जा-ये करते. खोली देतानाही अनेक घरमालक आधी आडनाव विचारतात.

कोल्हापुरात दसरा चौकाच्या परिसरात जैन, मुस्लिम, लिंगायत अशी जुनी बोर्डिंगे अजून एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर उभी आहेत, आणि जून-जुलैत खेड्यांतून आलेले पालक प्रवेशाची चौकशी करीत तिथे फिरताना दिसतात.