माणिकबाग आणि आपली पाइपची खुर्ची

आमच्या कारखान्यातून वाकवलेल्या पाइपची खुर्ची किंवा आरामखुर्ची घरी नेणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक सोबत देतो. लोखंडी फर्निचर दवाखान्यात ठीक, ऑफिसात ठीक, पण दिवाणखान्यात शोभत नाही, असे पुष्कळ जण आमच्याच दुकानात उभे राहून म्हणतात. ज्या इंदुरात होळकर महाराजांनी पाइपची खुर्ची थेट आपल्या माणिकबाग महालात मांडली तिथे तरी हा समज राहू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

आधी लालबाग आठवा. खान नदीकाठच्या त्या महालाचे काम 1886 ते 1921 पर्यंत चालले. सोनेरी नक्षी, संगमरवरी खांब, रंगवलेली छते, झुंबरे: युरोपातल्या जुन्या राजवाड्यांचा थाट होळकरांनी इंदुरात आणला. त्याच घराण्यातले यशवंतराव (दुसरे) 1926 मध्ये वडील तुकोजीराव (तिसरे) पायउतार झाल्यावर गादीवर आले आणि 1930 मध्ये राज्याचा पूर्ण कारभार त्यांच्या हाती आला. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांच्या आसपास. स्वतःसाठी आणि राणी संयोगिताबाईंसाठी त्यांना घर हवे होते, आणि ते लालबागेसारखे मुळीच नको होते.

ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची एकार्ट मुथेसियस या जर्मन तरुणाशी ओळख झाली होती. त्यांचे वडील हेर्मान मुथेसियस हे जर्मनीतले नावाजलेले वास्तुविशारद. मुलगा मात्र तेव्हा पंचविशीतला, नाव व्हायचे होते. महाराजांनी घराचे काम त्यांच्यावरच सोपवले. 1930 ते 1933 या काळात माणिकबाग उभी राहिली.

तीन बाजूंना बांधकाम आणि मध्ये मोकळी जागा, म्हणजे वाड्याच्या चौकाची एक बाजू उघडी टाकावी तशी रचना. भिंती सपाट, कोरीवकाम नाही, कमानी-मेहरपी नाहीत. दारे-खिडक्या धातूच्या, आणि बरेचसे सामान थेट युरोपातून जहाजाने आलेले. माळव्याच्या उन्हाळ्याचा विचार करून त्या काळात घरात वातानुकूलनाची सोय केली होती. पण माणिकबागेचे खरे मोठेपण आतल्या मांडणीत आहे. दिवे, गालिचे, पलंग, लिहायचे टेबल, सगळ्याचा विचार घराबरोबरच झाला. मागाहून बाजारातून आणून काही भरले नाही.

ग्रंथालयातल्या लाल खुर्च्यांचे उदाहरण घ्या. त्या मुथेसियस यांनी स्वतः रेखाटल्या. रुंद, ठोकळेबाज, कृत्रिम चामड्याने मढवलेल्या, आणि वाचायचे दिवे खुर्चीतच बसवलेले. माणूस इथे पुस्तक घेऊन बसणार, उजेड डोक्यामागून येणार, हे आधी ठरले आणि मग खुर्चीला आकार आला. आम्ही आमच्या कारागिरांना हीच खुर्ची फोटोत दाखवतो. सुदैवाने मुथेसियस यांनी घराचे फोटो स्वतः काढून ठेवले, म्हणून आज इतके बारकावे कळतात.

बाकीचे सामान त्या वेळच्या उत्तमोत्तम कलावंतांचे. महाराजांच्या अभ्यासिकेसाठी रुलमान यांचे टेबल, जमिनीवर दा सिल्व्हा ब्रून्स यांचे गालिचे, सोन्यो आणि अलिक्स या जोडीने केलेले धातू आणि काचेचे पलंग. आयलीन ग्रे यांची 'ट्रान्साट' खुर्ची होती: लाकडी चौकट, क्रोमचे जोड आणि मध्ये झोळीसारखी बैठक. आणि ल कोर्ब्युझिए, पिएर जानरे व शार्लोत पेरियाँ यांची 1928 मधली पाइपची आरामखुर्ची, तीही बिबट्याच्या कातड्याने मढवलेली. (आमच्याकडे ती वेतात आणि कॅनव्हासमध्ये मिळते.)

या घराचे सुख फार वर्षे टिकले नाही. कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताबाई 1937 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, ऐन तारुण्यात. शिल्पकार ब्रांकुशी यांची 'अवकाशातला पक्षी' ही तीन शिल्पे महाराजांनी घेतली होती, एक ब्राँझचे आणि दोन संगमरवराची, काळे आणि पांढरे. या शिल्पांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचे घाटत होते. ब्रांकुशी त्यासाठी इथे येऊनही गेले, पण मंदिर झाले नाही. आज दोन्ही संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत आणि ब्राँझचा अमेरिकेत. 1948 मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले, 1961 मध्ये महाराज गेले. 1980 मध्ये मोनॅकोला झालेल्या लिलावात घरातले फर्निचर जगभर विखुरले. ते इंदुरात राहिले असते तर आज आपल्या मुलांना बघायला मिळाले असते, ही खंत आम्हाला आहे. वास्तूत सध्या केंद्र सरकारचे कार्यालय आहे, त्यामुळे सहज आत जाऊन बघता येत नाही. लालबाग मात्र जरूर बघा, म्हणजे माणिकबाग किती धाडसाची होती ते उमगेल.

आता आपल्या खुर्चीबद्दल. पाइप वाकवताना आम्ही आत कोरडी वाळू ठासून भरतो, नाहीतर वळणावर तो चपटा होतो. वळणावरून बोट फिरवून पाहा, गोलाई कुठेही दबलेली लागणार नाही. त्यावर निकेलचा थर आणि त्याच्याही वर क्रोमचा, निकेलपेक्षा कितीतरी पातळ. चमक क्रोमची दिसते, गंजापासून राखण मुख्यतः निकेल करते. म्हणून काथ्या, राख, तारेची घासणी वापरू नका, चिंच-लिंबूही नको. मऊ ओलसर फडक्याने पुसा आणि लगेच कोरडे करा. पावसाळ्यात पायांच्या टोकांची रबरी बूच काढून आत पाणी साचले नाही ना ते बघा, गंज बहुतेक तिथूनच सुरू होतो. बारीक तपकिरी ठिपके दिसले तर वरून चंदेरी रंग मारू नका. रंगाखाली गंज पसरत राहतो आणि पुढे प्लेटिंग करणे अवघड होते. खुर्ची तशीच आमच्याकडे घेऊन या.