वणवा: सरकारी बंदीपासून ग्रामसभेच्या राखणीपर्यंत

गडचिरोली-चंद्रपूरच्या पानझडी जंगलात वणव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत चालतो. इथे वीज पडून लागलेली आग क्वचितच. काडी बहुतेक वेळा माणसाचीच असते. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. तेंदूला विडीसाठी लागणारी कोवळी पानं फुटावीत म्हणून झुडपं पेटवतात. ती आग जागेवर पुरती विझवली नाही, की दुपारच्या वाऱ्यावर जंगलात शिरते.

इंग्रजी वनखात्याने संघटित अग्निसंरक्षण १८६०च्या दशकात सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात सुरू केलं. पुढे १८७८ आणि १९२७चे वन कायदे आले. १९२७च्या कायद्याचं कलम २६ राखीव वनात आग लावणं गुन्हा ठरवतं. शिवाय आग जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीने लागली, तर त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क स्थगित करण्याची मुभाही सरकारला देतं. म्हणजे एकाची चूक आणि शिक्षा साऱ्या गावाला. त्यातच कलम ७९ हक्कदारांवर आग विझवायला मदत करण्याची सक्ती करतं. विझवायचं गावाने, पण जंगलाबद्दल ठरवायचं खात्याने: या रचनेत आग कोणी लावली हे गावातून कोण सांगणार? हिमालयातल्या कुमाऊंत तर १९२१ मध्ये लोकांनी निर्बंधांविरुद्ध चीड या पाइनच्या झाडांची राखीव जंगलंच पेटवली. त्या असंतोषातून १९३१ची वनपंचायत नियमावली, म्हणजे गावानेच जंगल सांभाळायची व्यवस्था, निघाली.

आपल्याकडे त्या दिशेने पाऊल पडायला फार उशीर झाला. १९९०च्या केंद्रीय परिपत्रकानंतर गाव आणि खातं यांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आल्या, पण अंतिम शब्द खात्याचाच राहिला. खरा फरक २००६च्या वनहक्क कायद्याने पडला, कारण सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन हा त्याने ग्रामसभेचा हक्क मानला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हा हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला तो २०१२ मध्ये मिळाला, आणि तिथल्या ग्रामसभेने तेंदूपानाची तोडणीच बंद केली. छाटणी आणि आगीने होणारं नुकसान त्यांना पानाच्या पैशापेक्षा मोठं वाटलं. इतक्या रोख उत्पन्नावर पाणी सोडायचा ठराव बाहेरून लादता आला नसता.

ज्यांना तेंदू सोडणं परवडत नाही, त्यांच्यासाठी खुटकटाई आहे: फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला झुडूप जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटायचं. साधारण दीड महिन्यात आगीशिवाय कोवळं पान मिळतं. मोहाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरली की पाचोळा जाळावा लागत नाही.

आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा म्हणजे जाळरेषा. तिच्यात मात्र हमखास एक चूक होते. जानेवारीत गवत कापून, पहाटेच्या दवात पट्टा जाळून घेतात आणि काम संपलं असं धरतात. पण पानगळ त्यानंतरही चालूच असते. मार्चमध्ये तोच पट्टा पुन्हा पाचोळ्याने भरतो आणि आग त्यावरून आरामात पलीकडे जाते. म्हणून पट्ट्याची झाडणी महिनाभराने पुन्हा, शक्यतो दोनदा करावी. उतारावर रेषेखालची बाजू जास्त तपासावी, कारण जळते ओंडके खाली घरंगळतात. विझवल्यावरही पोकळ बुंधे आणि पडलेली लाकडं धुमसत राहतात. दुसऱ्या दिवशी दुपारी फेरी हवीच. भारतीय वन सर्वेक्षणाचे उपग्रही इशारे २००४ पासून मिळतात. पण उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातो आणि दाट झाडोऱ्याखालची छोटी आग त्याला दिसेलच असं नाही. ती आधी राखणदारालाच दिसते.

आग थांबली की सुरुवातीची काही वर्षं धोका उलट वाढतो, कारण गवत आणि पाचोळा साचतो. नेमकी तेव्हाच खोडाबुडाशी सागाची, ऐनाची कोवळी रोपं उभी राहत असतात. त्या काळात राखणदार वाढवावेत. घाणेरी (लँटाना) असेल तर ती जाळू नये. बुडातून ती पुन्हा फुटते. फळं धरण्याआधी मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटं तोडून अख्खं झुडूप उपटावं आणि उलटं टाकावं. पक्षी बसतात त्या झाडांखाली तिची नवी रोपं दर पावसाळ्यानंतर शोधून उपटावी लागतात.