मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन

हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट संपल्याची आठवण आणि त्या लढ्यातील हुतात्म्यांविषयीची कृतज्ञता म्हणून दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात पाळला जाणारा दिवस. बोलण्यात ‘मुक्तिदिन’ एवढेच म्हटले जाते. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे या राज्यभरच्या ध्वजवंदनांखेरीज मराठवाड्यात हे चौथे शासकीय ध्वजवंदन होते. संस्थानात मराठी भाषकांचे पाच जिल्हे होते : औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद (आता धाराशिव). पुढे जालना (१९८१), लातूर (१९८२) व हिंगोली (१९९९) हे जिल्हे झाल्याने हा दिवस आता आठ जिल्ह्यांत साजरा होतो.

पार्श्वभूमी : सुमारे ८२ हजार चौ. मैलांचे आणि १९४१ च्या जनगणनेनुसार सुमारे १.६३ कोटी लोकवस्तीचे हैदराबाद हे ब्रिटिश हिंदुस्थानातील लोकसंख्येने सर्वांत मोठे संस्थान होते. तेलंगण, मराठवाडा आणि कन्नड जिल्हे असे त्याचे तीन भाषिक भाग होते. राज्यकारभार उर्दूत चाले. सभा-संमेलनांवर ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमाचा अंमल असे, त्यामुळे जाहीर राजकारणाला वाचनालये, शाळा आणि धार्मिक उत्सव यांच्या आडोशाने वाट काढावी लागली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय येथून कार्यकर्त्यांची पहिली पिढी घडली. स्वामी रामानंद तीर्थ (पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भवानराव खेडगीकर, १९०३–७२) या दोन्ही शाळांशी संबंधित होते. १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली संस्थानातील मराठी भाषकांची संघटना असलेल्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस या संस्थानातील राजकीय संघटनेवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली, आणि २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला. त्याच काळात आर्य समाजाचा सत्याग्रह व औरंगाबादेतील महाविद्यालयातून सुरू झालेली विद्यार्थ्यांची वंदे मातरम् चळवळ ही स्वतंत्र आंदोलने उभी राहिली. निष्कासित झालेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी नागपूर विद्यापीठात प्रवेश घेऊन शिक्षण पुरे केले.

निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्ये स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट हा ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन म्हणून पाळला. १५ ऑगस्ट १९४७ ला उर्वरित देशात रोषणाई होत असताना संस्थानात तिरंगा लावणे हा गुन्हा ठरत होता. स्वामीजींना त्याच दिवशी अटक झाली आणि गावोगाव ध्वज फडकावण्यासाठी सत्याग्रह झाले. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘स्वातंत्र्य’ आणि ‘मुक्ती’ या दोन निरनिराळ्या वर्षांच्या घटना म्हणून येतात, त्याचे मूळ येथे आहे. १५ ऑगस्ट १९४७ आणि १७ सप्टेंबर १९४८ हे दोन्ही दिवस शुक्रवारचे. मधले अंतर तेरा महिने आणि दोन दिवसांचे.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार व निजाम यांच्यात एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. स्वामीजी सुटले, पण २६ जानेवारी १९४८ ला त्यांना पुन्हा अटक झाली. यापुढचा लढा दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समितीने मुख्यत्वे सरहद्दीबाहेरून चालवला. मनमाड, सोलापूर, बार्शी, उमरखेड येथे कॅम्प उभारून करोडगिरी (जकात) नाकी जाळणे, लेव्हीचे म्हणजे शेतकऱ्यांकडून सक्तीने वसूल केलेले धान्य अडवणे, शिंदीची झाडे तोडणे आणि पोलीस ठाण्यांवर हल्ले असे कार्यक्रम झाले. मनमाड केंद्राची धुरा गोविंदभाई श्रॉफ यांच्याकडे होती. नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या बँकेवरील सशस्त्र हल्ला (३० जानेवारी १९४८) हे या काळातले सर्वांत गाजलेले प्रकरण. दुसऱ्या बाजूला लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार या निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेची दहशत वाढत गेली. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केला, ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. मुक्तिदिनाच्या भाषणांत हे नाव क्वचितच येते.

दिनांकाचा प्रश्न : १७ सप्टेंबर ही तारीख सर्वमान्य वाटते, परंतु त्या दिवशी नेमके काय घडले याविषयी साधनांत एकवाक्यता नाही. लष्करी कारवाई १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सुरू झाली. मुख्य तुकडी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरहून निघाली व पहिली चकमक नळदुर्ग येथे झाली. तेथील बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी हाती आल्याने पुढची वाट मोकळी झाली. दुसरी मोठी तुकडी विजयवाड्याकडून आली. औरंगाबादच्या बाजूची आघाडी मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्याकडे होती. या कारवाईला आज ‘ऑपरेशन पोलो’ म्हणतात. ‘कॅटरपिलर’ हे नावही आढळते, आणि हैदराबादेतील पोलो मैदानांवरून नाव पडल्याची कथा नंतरची असावी. सरकारी भाषेत ती ‘पोलीस कारवाई’ होती. मराठवाड्यातील खेडोपाडी ‘पोलीस ॲक्शन’ हाच शब्द रुळला.

आता तारखांचा क्रम असा लागतो. औरंगाबाद शहर बहुधा १४ सप्टेंबरलाच, काहींच्या मते १५ ला, भारतीय सैन्याच्या ताब्यात आले. १७ ला सकाळी संस्थानाचे पंतप्रधान मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, निजामाने आपल्या सैन्याला युद्धबंदीचा आदेश दिला आणि सायंकाळी पाचपासून तो अमलात आला. रझाकारांवर बंदी घालण्याचे आणि राजबंद्यांना सोडण्याचे निर्णयही त्याच दिवसाचे; स्वामी रामानंद तीर्थ त्या संध्याकाळी मुक्त झाले. चौधरी यांच्यापुढे हैदराबादचे सेनापती जनरल एल एद्रूस यांनी औपचारिक शरणागती पत्करली ती मात्र, बहुतेक लष्करी इतिहासांनुसार, १८ ला दुपारी, शहराबाहेर. संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांच्या वृत्तांतात शरणागती १७ च्या संध्याकाळी आणि सैन्याचा शहरप्रवेश १८ ला असा क्रम दिसतो. मेनन दिल्लीत होते आणि युद्धबंदी व शरणागती हे त्यांना एकच प्रकरण वाटले असावे. लष्करी साधनांचा क्रम येथे अधिक ग्राह्य वाटतो.

कायद्याच्या दृष्टीने प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. इतर बहुतेक संस्थानिकांनी १९४७ मध्ये सह्या केलेला सामीलनामा निजामाने दिला नव्हता, आणि सप्टेंबर १९४८ मध्येही दिला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेलेली तक्रार निजामाने २२ सप्टेंबरला मागे घेतली. चौधरी यांच्या लष्करी प्रशासनानंतर एम. के. वेलोदी यांच्याकडे मुलकी कारभार आला. भारताची राज्यघटना हैदराबादला लागू होईल असे फर्मान नोव्हेंबर १९४९ मध्ये निघाले, आणि २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद हे भारतीय संघराज्याचे ‘ब’ वर्गातील राज्य झाले. त्या राज्याचे राजप्रमुख (राज्यपालासारखे घटनात्मक प्रमुख) स्वतः निजामच होते व १९५६ पर्यंत राहिले. ज्यांच्या राजवटीतून मुक्ती मिळाली त्यांच्याच नावाने पुढे सात-आठ वर्षे राज्य चालले, ही बाब स्मारकांवरील मजकुरात सहसा येत नाही.

त्यामुळे १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद ‘विलीन’ झाले, हे पाठ्यपुस्तकांतील वाक्य काटेकोर नाही. तरीही स्मरणदिन म्हणून ही तारीख निवडण्यात वावगे काही नाही. तुरुंगांची दारे उघडली आणि गावोगावच्या रझाकारांचा आधार तुटला, तो हा दिवस. त्यातही अनंत चतुर्दशी होती, त्यामुळे गणपती विसर्जन आणि विजयाच्या मिरवणुका एकत्र निघाल्याच्या आठवणी पुष्कळांनी सांगितल्या आहेत. दिन पाळला जातो तो मात्र तिथीने नव्हे, तारखेने. २०२४ मध्ये दोन्ही पुन्हा एकाच दिवशी आले.

अर्थाविषयीचे मतभेद : पत्रकार अनंत भालेराव आणि विचारवंत नरहर कुरुंदकर यांनी हा लढा जनतेचा होता व लष्करी कारवाई हा त्याचा शेवटचा टप्पा होता, अशी मांडणी केली. मराठवाड्यातील सार्वजनिक स्मृती बव्हंशी हीच आहे. भालेराव स्वतः लढ्यात होते. त्यांच्या लेखनाचे बळ त्यात आहे आणि मर्यादाही त्यातच आहे. लष्करी इतिहासकार जनआंदोलनाला पार्श्वभूमीपुरते स्थान देतात. तेलंगणातील कम्युनिस्टांचा सशस्त्र शेतकरी लढा १९५१ पर्यंत चालू राहिला आणि भारतीय सैन्य त्यांच्यावरही चालून गेले. त्या परंपरेतील लेखक १७ सप्टेंबरला मुक्ती म्हणायला तयार नसतात. मराठवाड्यापुरते पाहता सरहद्दीवरील कॅम्पांनी निजामी प्रशासन खिळखिळे केले होते, हे नाकारता येत नाही. पण पाच दिवसांत निकाल लागला तो सैन्यामुळे, हेही तितकेच खरे.

कारवाईनंतरच्या आठवड्यांत उसळलेल्या हिंसाचाराची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक पथक १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरले. उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे आणि संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे, मुख्यतः मुसलमान, मारली गेल्याचे या पथकाने अंदाजाने नोंदवले. सरकारने अहवाल स्वीकारला नाही व तो कित्येक दशके अप्रकाशित राहिला. आकड्यांविषयी वाद आहे, मात्र घटनांविषयी फारसा नाही. चारांपैकी दोन जिल्हे मराठवाड्यातले असूनही मुक्तिदिनाच्या शासकीय कार्यक्रमात त्याचा उल्लेख होत नाही.

अनुसूचित जातींची भूमिका दुभंगलेली होती. बी. एस. व्यंकटराव हे लायक अलींच्या मंत्रिमंडळात होते, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये संस्थानातील अनुसूचित जातींना निजामाची बाजू न घेण्याचे आवाहन केले होते. स्त्रियांच्या सहभागाच्या नोंदी त्रोटक आहेत. दगडाबाई शेळके, आशाताई वाघमारे अशी थोडीच नावे पुन्हा पुन्हा येतात.

साजरा करण्याची पद्धत : मुख्य शासकीय समारंभ छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील मुक्तिसंग्राम स्मृतिस्तंभाजवळ सकाळी होतो. प्रथेप्रमाणे मुख्यमंत्री उपस्थित असतात. आधी स्तंभाला पुष्पचक्र वाहतात, पोलीस हवेत बंदुकीच्या फैरी झाडून हुतात्म्यांना मानवंदना देतात आणि मग ध्वजारोहण व राष्ट्रगीत होते. १५ ऑगस्टच्या समारंभात ध्वज आधी येतो. येथे हुतात्मे आधी. पुढच्या रांगेत स्वातंत्र्यसैनिकांसाठी खुर्च्या राखून ठेवण्याची पद्धत आहे. आता त्या खुर्च्यांवर बहुधा त्यांचे वारस बसलेले दिसतात. मुख्यमंत्र्यांच्या भाषणात लढ्याचा भाग लवकर आटोपतो आणि उरलेला वेळ सिंचन, अनुशेष व रस्ते घेतात. सप्टेंबर २०२३ मध्ये, अमृत महोत्सवाच्या निमित्ताने, राज्य मंत्रिमंडळाची बैठकच संभाजीनगरला झाली आणि विभागासाठी मोठ्या तरतुदी जाहीर झाल्या. अर्थात समारंभाबाहेर निदर्शनेही ठरलेलीच असतात.

जिल्हा व तालुका पातळीवर हुतात्मा स्मारकांवर ध्वजवंदन, शाळांत प्रभातफेरी आणि वक्तृत्व स्पर्धा होतात. स्थानिक हुतात्म्यांचे स्मरण हा या दिवसाचा खरा गाभा म्हणावा लागेल. बिलोली तालुक्यातील अर्जापूर येथे १९४६ मध्ये मारले गेलेले गोविंदराव पानसरे, वसमत-हिंगोली भागातील बहिर्जी शिंदे ही नावे त्या त्या भागात शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात, लगतच्या जिल्ह्यात मात्र अपरिचित ठरतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची असल्याने तेथे दोन्ही निमित्ते एकत्र येतात.

कृतज्ञतेची शासकीय बाजू म्हणजे स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन. सरहद्दीवरील कॅम्पांत राहिलेल्यांकडे तुरुंगवासाचा कागद नसे, त्यामुळे सहकाऱ्यांच्या प्रमाणपत्रांवर भिस्त ठेवावी लागली. यातून खरे सैनिक वंचित राहणे आणि खोटे घुसणे हे दोन्ही घडले. बीड जिल्ह्यातील बनावट स्वातंत्र्यसैनिकांच्या प्रकरणी तर चौकशी आयोग नेमावा लागला.

अन्य प्रदेश : हैदराबाद राज्याची १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार विभागणी झाली आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. संस्थानाच्या उरलेल्या दोन भागांत हा दिवस निराळ्या नावांनी येतो. कर्नाटकात ‘हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन’ होता, तो २०१९ पासून ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ झाला. तेलंगणात सरकार बदलले की नाव बदलते : २०२२ मध्ये तेथील राज्य सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ पाळला, त्याच दिवशी त्याच शहरात केंद्र सरकारचा ‘हैदराबाद मुक्तिदिन’ वेगळा झाला, आणि २०२४ मध्ये नव्या राज्य सरकारने ‘प्रजा पालन दिन’ असे नाव दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राने १७ सप्टेंबर हा ‘हैदराबाद मुक्तिदिन’ म्हणून अधिसूचित केला.