गंधकाच्या पत्र्यापासून फिरत्या ड्रमपर्यंत

झेरॉक्स हा खरं तर कंपनीचा शब्द. मूळ शब्द झेरोग्राफी, म्हणजे ग्रीकमध्ये 'कोरडं लेखन'. त्यातलं 'कोरडं' महत्त्वाचं, कारण त्याआधीचा फोटोस्टॅट हा ओला कारभार होता: फोटोचा कागद, रसायनं, मग वाळवणं.

चेस्टर कार्लसन न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीच्या पेटंट विभागात होता आणि तिथे प्रती कधीच पुरत नसत. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्याच अ‍ॅस्टोरियात त्याने आणि ओटो कोर्नाय या मदतनिसाने गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा अंधारात रुमालाने खसाखसा घासला. काचपट्टीवर शाईने तारीख आणि 'अ‍ॅस्टोरिया' लिहिलं होतं. ती पत्र्यावर ठेवून काही सेकंद दिवा लावला. वर लायकोपोडियम या वनस्पतीची बारीक पूड भुरभुरून फुंकर मारली, तर अक्षरांपुरतीच पूड उरली. ती मेणकागदावर उचलून गरम केली. झाली प्रत.

गंमत उजेडाची. घासल्याने साचलेला विद्युतभार उजेड पडला तिथून निघून जातो, अक्षराच्या सावलीत टिकतो, आणि पूड तिथेच चिकटते. आजही यंत्र हेच करतं: ड्रमवर (फिरत्या नळकांड्यावर) भार, उजेड, टोनर (म्हणजे शाईची कोरडी पूड), कागद, उष्णता, सफाई.

कल्पना तयार होती, तरी चालणारं यंत्र यायला एकवीस वर्षं गेली. १९४४ पासून अमेरिकेतल्या बॅटेल संशोधन संस्थेत गंधकाऐवजी सेलेनियम आलं, रुमालाऐवजी हजारो व्होल्टची, हवेतून भार देणारी कोरोना तार आली. टोनर जाड मण्यांत घोळवला की घर्षणाने त्याला नेमका उलटा भार मिळतो, हेही तिथलंच. १९४७ मध्ये हॅलॉइड (पुढची झेरॉक्स) कंपनीने परवाना घेतला. १९४९ चं त्यांचं 'मॉडेल ए' हाताने चालवायचं, आणि एका प्रतीला ३९ पायऱ्या! साध्या कागदावर आपोआप प्रत देणारं '९१४' हे यंत्र आलं १९५९ मध्ये. नाव कागदाच्या मापावरून: ९ बाय १४ इंच. टोनर वितळवणाऱ्या भागात अडकलेला कागद करपायचा, म्हणून सोबत छोटं अग्निशामक दिलं जाई.

पुढे सेंद्रिय थराचे ड्रम आले, आरशांच्या जागी स्कॅनर आणि लेझर आले. लेझर यंत्रात बहुधा गणित उलटं असतं: उजेड अक्षरावर पडतो आणि भार गेलेल्या जागी टोनर बसतो.

दोष मात्र जुनेच. कागद दमट असेल तर भार टिकत नाही, प्रत ठिकठिकाणी फिकी पडते. फ्यूझर, म्हणजे टोनर वितळवणारा भाग, पुरेसा तापला नाही तर अक्षर बोटाने पुसलं जातं. सफाईची पट्टी झिजली की टोनर ड्रमवर राहून पानाला रेघा पडतात. आणि एकच ठिपका ठरावीक अंतराने येत असेल तर पट्टीने अंतर मोजावं: ३० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर ओरखडा असेल तर ते साधारण ९४ मिलिमीटर भरतं.